तंगुसात ओवलेला झेंडू

यंदाही हत्ती वेळेवर आला. हस्त नक्षत्राला आमच्याकडं सगळे हत्तीच म्हणतात, आणि तो येतोही तसाच, ढुशा देत. जून महिन्यात सोलापूरला पाऊस येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा. चहासुद्धा न घेता जातो. पुढचे दोन महिने आम्ही आभाळाकडं बघत आणि शेजारणीला ‘आज नळ येणार का’ विचारत काढतो. मग सगळीकडचा पाऊस परत जायला निघाला, की जाता जाता त्याला आमची आठवण होते. ज्वारीची पेरणी याच पावसावर आणि विहिरींचं पाणीही याचंच. त्यामुळं लहानपणी हत्ती गरजला की अव्वा, म्हणजे माझी आई, दारात येऊन हात जोडायची. मीही पुष्कळ वर्षं जोडले. आता मात्र पहिला गडगडाट झाला की मी उगाच घरभर खिडक्या लावत सुटते.

त्याच सुमाराला बाजारात झेंडूचे ढीग लागतात. ओल्या झेंडूचा वास लोकांना सणाचा वाटतो. मला त्यात इंजिनाच्या तेलाचा वास येतो. नाक आपलं आपण जोड्या लावून ठेवतं, ते काही आपलं ऐकत नाही. मागच्या दसऱ्याला फुलवालीनं माझ्या पिशवीत मापाच्या वर एक मूठ टाकली आणि मी तिच्यावरच खेकसले. ती बिचारी बघतच राहिली.

आमचे हे इंजिनवाले. गावाबाहेर पत्र्याची शेड आहे. पाण्याचे पंप, पिठाच्या चक्क्या, जुन्या जीपगाड्या, जे फिरायचं थांबलंय ते सगळं तिथं येतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या माणसाचा अंगरखा कधीतरी पांढरा दिसेल. मग आशा सोडली. अशा माणसानं एक दिवस जेवताना सांगितलं, की आपण बोट बांधायला घेतलीय. मी हसून हसून ताट सरकवलं. ज्या गावात अंघोळीचं पाणी जपून वापरतात, तिथं बोट! मी म्हणाले, “हितं कुटं चालवणार? हौदात?”

पण बोट खरंच झाली, आणि ती साधी नव्हती. धरणाच्या पसरलेल्या पाण्यावर मासेमारीचा ठेका घेतलेल्या एका माणसाला ती हवी होती. तिकडं जलपर्णी इतकी माजते, की नेहमीच्या बोटीचा पाण्यातला पंखा लगेच गुरफटतो. म्हणून ही पंख्याची बोट. तळ सपाट, परातीसारखा. मागं उंचावर जुन्या गाडीचं इंजिन आणि त्याला जाळीच्या पिंजऱ्यात माणसाएवढा लाकडी पंखा. पंखा मागं वारा फेकतो आणि बोट पुढं सरकते. पाण्याखाली काहीच नाही, म्हणून अडकत काही नाही. शेडमध्ये पहिल्यांदा चालवून बघितली तेव्हा शेजारच्या वेल्डिंगवाल्याची कागदं उडून रस्त्यावर गेली, आणि ह्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुन्हा हौदाचं नाव काढलं नाही.

इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड दांडा असतो. तो जिथं बाहेर येऊन पंख्याला भेटतो, तिथं त्याच्याभोवती बांगडीएवढं एक रबरी कडं बसवलेलं असतं. दांडा गरागरा फिरत राहतो आणि हे कडं त्याला ओठ लावून बसतं, आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. त्याला सील म्हणतात. मला हे कळायचं खरं तर काही कारण नव्हतं. भाकरी करणाऱ्या बाईनं क्रँकच्या सीलवर इतका विचार का करावा? पण गेली काही वर्षं मी जेवढा विचार त्या कड्याचा केला, तेवढा माझ्या हातातल्या बांगड्यांचा केला नाही.

खंडेनवमीला शेडमधली पूजा म्हणजे आमच्या घरची खरी दिवाळी. पाने, हातोड्या, पक्कडी सगळं रॉकेलनं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबतंय, एक दिवस त्यालाही विसावा. त्या वर्षी बोटही पूजेत होती. दसऱ्यानंतर ठेकेदार ती घेऊन जाणार होता. ह्यांनी झेंडूचा हार स्वतः ओवला. फुलं टपोरी होती, साधा दोरा पुन्हापुन्हा तुटत होता, म्हणून त्यांनी ठेकेदारानं ठेवलेल्या सामानातला तंगूस घेतला, म्हणजे मासे धरायची नायलॉनची बारीक तार. ती दिसतही नाही आणि तुटतही नाही. हार पंख्याच्या मधोमध, दांड्याभोवती गुंडाळून बांधला. “आता कसा बसला बघ की,” म्हणाले. मी आरती ओवाळली. फार सुंदर दिसत होती बोट.

त्याच संध्याकाळी अव्वाचा फोन आला. माझं माहेर मंद्रूपच्या अलीकडं, सीनेच्या काठाला, गावापासून लांब वस्तीवर. वडील गेल्यावर आणि भाऊ पुण्याला नोकरीला लागल्यावर अव्वा तिथं एकटी राहायची. नदीचं पाणी उसात शिरलं होतं. वस्तीवरची बाकी माणसं गावच्या शाळेत गेली होती. अव्वा जायला तयार नव्हती.

“घट बसलेत की घरात,” ती म्हणाली. “दिवा हाय. कुलूप लावून कुटं जाऊ? उद्या घट उठले की मीबी उठते.”

नवरात्रात घट बसले की घर बंद करायचं नाही, दिवा एकटा सोडायचा नाही, हे तिच्या रक्तात होतं. भावानं पुण्याहून आरडाओरडा केला. मी विनवण्या केल्या. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “इरली बिडू.” हे कानडी तिचं नेहमीचं. राहू दे गं, सोड. दूध उतू गेलं तरी इरली बिडू, जावेनं बांध कोरला तरी इरली बिडू. हत्ती पडला की भिंती पडतात, असं म्हणतात आमच्याकडं. ती म्हणही तिनंच मला शिकवली होती.

दसऱ्याच्या सकाळी तिचा फोन आला तो घराच्या स्लॅबवरून. घरात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. घट आणि दिवा घेऊन ती मध्यरात्रीच शिडीनं वर चढली होती आणि पावसात बसली होती. बचावाची बोट दुसऱ्या एका गावाला गेलेली. आणि ती आली असती तरी मधल्या उभ्या उसात, कुंपणाच्या तारांत तिचा पंखा अडकला असता. ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पाटावरची हळदकुंकवाची हत्यारं तशीच पिशवीत भरली, बोटीवरची फुलं ओरबाडून काढली, आणि ट्रेलरवर बोट घालून आम्ही निघालो. वाटेत मला वाटत होतं, देवानंच ही बोट बांधून घेतली. जलपर्णीसाठी नव्हे, अव्वासाठी. असलं काही वाटून घ्यायला माणसाला फार वेळ लागत नाही.

माझ्या गावचा बसूअण्णा आपला ट्रॅक्टर घेऊन पाण्याच्या कडेला थांबला होता. त्यानं बोट पाण्यात उतरवायला मदत केली. लांब, उसाच्या शेंड्यांपलीकडं, आमच्या घराचा स्लॅब दिसत होता आणि त्यावर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक ठिपका. ह्यांनी इंजिन सुरू केलं. पंखा घुमला, बोट कडेकडेनं सरकली, लोक ओरडले. आणि मागं उभ्या असलेल्या बसूअण्णाच्या सणाच्या सदऱ्यावर काळे शिंतोडे उडाले. माझ्या तोंडावरही काहीतरी कोमट आलं. पुसून बघितलं तर तेल.

ह्यांनी इंजिन बंद केलं. पंख्यामागं वाकले, बोटानं चाचपलं आणि दांड्याच्या खोबणीतून काहीतरी ओढून काढलं. तंगूस. सकाळी फुलं निघाली होती, पण न दिसणारी तार तशीच दांड्याला राहिली होती. दांडा फिरला तशी ती आत आत गुंडाळत गेली आणि सीलचा ओठ कापून बसली. तारेला झेंडूचा एक हिरवा देठ अजून अडकलेला होता. त्यांनी ते सगळं माझ्यापुढं धरलं.

बसूअण्णा म्हणाला, “गळू दे की थोडं. जाऊन येऊ पटकन.”

“जाताना पोचू,” हे म्हणाले. “ओतलं तेवडं भायेर उडायलंय, येताना त्येंना घिऊन मधीच तेल संपलं आन् इंजिन जाम झालं तर? धारेला लागंल बोट.”

दसऱ्यामुळं सामानाची दुकानं बंद. ओळखीच्या दुकानदाराचा फोन नुसता वाजत राहिला. मग ह्यांना आठवलं, की हे इंजिन पहिल्यांदा उघडलं तेव्हा निघालेलं जुनं सील पेटीच्या तळाशी असणार. आमच्या घरात जुनं काही फेकत नाहीत, यावरून मी आयुष्यभर भांडले आहे. सील सापडलं. पण ते सैल होतं, वापरून वापरून. त्याच्या ओठामागं एक बारीक स्प्रिंग असते. ती थोडी तोडून आखूड केली की ओठ आवळतो. हे सगळं करायचं तर आधी पंखा उतरवायचा, त्याची बैठक काढायची, आणि वरून धो धो पाऊस. बसूअण्णानं ताडपत्री धरली. हे तिच्याखाली शिरले.

आणि मी? मी फोन धरून उभी.

“शैले, बोट का थांबलीया गं?” पलीकडून अव्वा.

“तेल गळायलंय अव्वा. करायलेत हे.”

“लई गळतंय?”

“न्हाई, लई न्हाई.”

“मग करू दे निवांत. जावईबापूंना घाई करू नका म्हनावं. तू जेवलीस का?”

“अव्वा, तू भिजलीस का?”

“भिजनार न्हाई व्हय? पाऊस हाय. दिवा पाटीखाली झाकून ठिवलाय, जळायलाय अजून. आन् मला तुजी हिरवी साडी दिसायलीया बघ. कडंला उबी ऱ्हाऊ नको, पाय घसरंल.”

पाण्यानं वेढलेल्या स्लॅबवर बसलेली बाई कोरड्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला ‘पाय घसरेल’ म्हणत होती. मी हसले. मग तोंडावर पदर धरला. तिच्या आणि माझ्यामध्ये एरवी एका दमात चालत जाण्याएवढं अंतर. त्या पायवाटेवरून मी शाळेला गेलेय, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन गेलेय. ती वाट तिथंच होती, फक्त पाण्याखाली. मी ओरडले असते तर कदाचित तिला ऐकूही गेलं असतं. पण जाता येत नव्हतं.

हात रिकामे असणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. बाईच्या हाताला नेहमी काहीतरी काम असतं आणि आपण त्याला कंटाळलेल्या असतो. त्या दिवशी कुणी मला गव्हाचं पोतं निवडायला दिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. मी ताडपत्रीजवळ जायची, “झालं का वो?” विचारायची, परत यायची. सील एकदा बसलं, पण तिरकं बसलं. इंजिन लावलं तर पुन्हा तेल. पुन्हा सगळं उतरवलं. मी पुन्हा विचारायला गेले तर बसूअण्णा हळूच म्हणाला, “अक्का, तुमी इचारू नका की. इचारलं की त्येंच्या हातनं स्प्रिंग निसटतीया.”

मग अव्वाचा फोन लागेना. थोड्या वेळानं पाऊस इतका दाट झाला की ठिपकाही दिसेना. तरी मी त्या दिशेला हिरवा पदर हलवत राहिले. तिला दिसत होता की नाही, देव जाणे.

दिवस कलायला लागला तेव्हा सील बसलं. तेल थेंब थेंब येत होतं, पण चालण्यासारखं. तेलाचा डबा घेऊन बसूअण्णाही बोटीत चढला, वाटेत ओतायला. मला घेतलं नाही. वजन नको होतं. तो पंख्याचा आवाज उसावरून लांब लांब जात राहिला, मग थांबला, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मी अव्वा नको म्हणाली होती तिथंच, अगदी कडेला उभी राहिले.

अव्वा आली ती मांडीवर घट घेऊन. मातीतले पिवळे कोंब सपाट झाले होते. ओठ निळे पडलेले, पण हसत होती. “लई वारं लागलं बघ,” म्हणाली. आणि उतरताना ह्यांच्या तेलकट हाताला धरून, “जावईबापू, बोट झकास हाय.” ह्यांनी मान वर केली नाही. मी तिला पोटाशी धरलं. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखी गार लागली ती.

त्या गारठ्यानं मग सोडलंच नाही. ताप, मग छातीत कफ, मग सोलापुरातला दवाखाना, नाकाला नळी. कोजागिरीला ती गेली.

दवाखान्याच्या जिन्यात ह्यांनी डॉक्टरणीला गाठलं. पोरसवदा होती, चांगली होती. “दुपारीच आणलं असतं तर?” ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, “तसं नाही सांगता येत काका. वय होतं, रात्रभर भिजल्या होत्या. नक्की नाही सांगता येत.”

ती खरं बोलली, आणि त्या खऱ्यानंच आमचं वाटोळं केलं. ‘हो’ म्हणाली असती तर हे रडले असते, कधीतरी सावरले असते. ‘नाही’ म्हणाली असती तर सुटले असते. आता कितीही वर्षं उलटली तरी ती दुपार एका बाजूला पडत नाही. नातेवाईक म्हणाले, देवाची मर्जी. हे म्हणाले, “देवाची न्हाई. तंगूस माजा.” मी माझ्या परीनं सगळं सांगून बघितलं. ती घटासाठी अडून बसली, तुमी हार बांधला. दोघांनीबी देवाचंच केलं. आणि दवाखान्यात मी तेलाचं आणि सीलचं सांगायला लागले तेव्हा अव्वा काय म्हणाली तेही सांगितलं. इरली बिडू.

“त्या म्हनल्या,” हे म्हणाले. “म्या कसं म्हनू?”

ती बोट ठेकेदाराला दिली नाही. त्याला दुसरी बांधून दिली. ही अंगणात ताडपत्रीखाली असते. पूजा अजून होते, पण हार नसतो. सुटी फुलं वाहतात आणि नंतर एकेक वेचून काढतात. सील तर इतक्या वेळा बदललंय की मी मोजत नाही. नवं घालायचं, इंजिन चालवायचं, बघायचं, पुन्हा काढायचं. सुरुवातीला मी चिडायची. मग त्यांच्याकडं न बघता आत जाऊन पीठ मळायला लागले. संसारात एकमेकांचं दुखणं वाटून घेता येतं म्हणतात. मला तरी नाही जमलं. मी फक्त शेजारच्या खोलीत राहते त्याच्या.

परवा सकाळी बसूअण्णाचा फोन आला. सीना पुन्हा चढली होती. आमच्याच वस्तीवर, आमच्या घरापलीकडच्या घरात, एक कुटुंब अडकलं होतं. हे तसेच उठले. ट्रॅक्टर आला, बोट गेली. मी गेले नाही. मला तिथं उभं राहायचं नव्हतं. घरात बसून कांदे चिरत राहिले. एवढ्या कांद्यांचं काय करणार होते कोण जाणे.

ऊन उतरायच्या आत हे परत आले. मी दारातच विचारलं, “सगळी नीट हायेत न्हवं?”

“व्हय. समदी आणली. पोरं, म्हातारा, शेळ्यासुदिक.”

“लई बरं झालं की वो.”

ते पायरीवर बसले. चप्पल काढली नाही. मग म्हणाले, “शैले, एक थेंब गळला न्हाई बघ. जातानाबी न्हाई, येतानाबी न्हाई.” आणि तोंड झाकून रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी अंगणात बोटीपाशी गेले. पंख्यामागं हात घालून दांड्याखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. एका घरातली सगळी माणसं वाचली होती, आणि मला त्या कोरड्या कड्याचा असा संताप आला की ते उपटून फेकून द्यावंसं वाटलं. गळायला हवं होतं आजही. माणसं सुखरूप यावीत, पण तेल गळावं. म्हणजे इंजिनच तसलं म्हणता आलं असतं, कुणी काहीही केलं असतं तरी गळलंच असतं म्हणता आलं असतं. मनात असं आलं आणि मी चटकन हात मागं घेतला.

परत येऊन त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “गळायला पायजे हुतं, असं वाटलं न्हवं तुलाबी?”

“व्हय,” मी म्हणाले.